पाऊण तांब्या पाणी

"गाडीला वास येतोय," असं पप्पा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. "नवीन आहे, येणारच," ती म्हणाली.

"नवा वास नव्हे. गोडसर येतोय. पाक लागायला आला की येतो ना, तसा."

आईने आधी गॅस बारीक केला. आपल्याच स्वयंपाकाला बोलताहेत, असं तिला वाटलं.

तो वास कूलंटचा होता. इंजिन तापू नये म्हणून त्यात जे हिरवं पाणी खेळवतात, ते कुठूनतरी झिरपतंय, असं पप्पांचं ठाम मत. तीस वर्षं त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्याचा ट्रक चालवला होता. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं तेव्हा त्यांनी हा छोटा ट्रक घेतला. येरवड्यात आमच्या दारात तो उभा राहिला त्या दिवशी आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण म्हटलं आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले. तेव्हा हिंजवडीत जिकडे बघावं तिकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला खुर्च्या लागत होत्या. पप्पा त्या खुर्च्या वाहायचे. मी अशाच एका इमारतीत, अशाच एका खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि त्याचा पगार घ्यायचे.

डीलरकडे पप्पा तीनदा गेले. टायवाला सर्व्हिस मॅनेजर तिन्ही वेळा वाकून टाकी बघायचा. कूलंटची टाकी पांढऱ्या प्लास्टिकची, बाहेरून पातळी दिसते. "काका, टाकी फुल आहे. गळती असती तर कमी झालं नसतं का?" बिनतोड मुद्दा. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, पूजेच्या अगरबत्तीचा वास बसला असेल. पप्पा म्हणाले, "आम्ही मेणबत्ती लावली." तिसऱ्या खेपेला त्याने कागदावर इंग्रजीत लिहून दिलं, दोष आढळला नाही.

मग मी गाडी बनवणाऱ्या कंपनीला ईमेल लिहायला घेतली. माझ्या इंग्रजीचा आणि माझ्या कंपनीच्या नावाचा मला तेव्हा फार माज होता. लिहून झाल्यावर पप्पांना मराठीत वाचून दाखवली: माझ्या वडिलांना असं वाटतं, की केबिनमध्ये वास येतो.

"वाटतं नाही," ते म्हणाले. "येतो."

"पप्पा, तसंच लिहितात."

उत्तर आलं तेच. टाकी फुल, दोष नाही. त्या दिवशी ऑफिसात माझं कुणाशीतरी वाजलं होतं, राग घरी आणला. म्हटलं, "तीनदा बघितलं त्यांनी! मलाही नाही आला कधी वास. वय झालं की होतं असं. तुमच्या नाकात बसलाय तो, गाडीत नाही."

पप्पा ताटावरून उठले नाहीत की रागावले नाहीत. भात संपवला, ताट धुतलं. हात पुसताना आईला एवढंच म्हणाले, "नाक फसवायला लागलं तर उद्या कानही फसवतील. कान गेलेल्या माणसाने रस्त्यावर गाडी घालू नये." त्यानंतर त्यांनी वासाचं नाव काढलं नाही. फक्त ऐन थंडीत काच खाली करून गाडी चालवायला लागले.

ट्रक म्हणजे आमच्याकडे नुसतं पोटापाण्याचं साधन नव्हतं. कारखाना सुटल्यावर सहा महिने पप्पा दुपारी बाराला अंघोळ करायचे. ट्रक आल्यापासून पुन्हा साडेपाचला उठू लागले होते. हे सगळं मला दिसत होतं. तरी मी बोलायचं ते बोलून बसले होते, आणि माफी मागायला जीभ काही वळत नव्हती.

महिनाभराने एका सकाळी माझी कंपनीची बस चुकली. पप्पा म्हणाले, "चल, मी तिकडेच निघालोय." ट्रक घेतल्यापासून मी त्यात दहा मिनिटांच्या वर बसले नव्हते, हे मला त्या दिवशी सीटवर चढताना कळलं.

निघण्याआधी पप्पांनी तांब्या आणला, टाकीचं झाकण उघडलं आणि पाऊण तांब्या पाणी ओतलं.

"हे काय करताय?"

"पाणी घालतोय."

"रोज?"

"मग? गाडीला पाणी दाखवल्याशिवाय हलवायची नसते." कारखान्याच्या जुन्या ट्रकला रेडिएटरमध्ये रोज पाणी लागायचं. तीस वर्षं रोज सकाळी तोंड धुवायचं, मग गाडीला पाणी. नव्या गाडीला ते लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

मी कपाळाला हात लावला. रोज जेवढं गळत होतं तेवढं हा माणूस रोज भरत होता. डीलरकडे जायच्या दिवशी तर नीट काठोकाठ भरत असणार. पाहुण्यांकडे न्यायचं मूल कसं तोंड धुऊन नेतात, तसं.

औंधच्या पुढे गाड्या तुंबल्या. इंजिन तापलं. आणि मला वास आला. गोडसर, घशाला चिकटणारा, पाक लागायला आल्यासारखा. सीटच्या खालून, इंजिनाकडून येत होता. माझे डोळे चुरचुरले. डोळे पुसायला फडकं घ्यावं म्हणून सीटमागे हात घातला तर हाताला एक पुठ्ठा लागला.

पप्पांचं अक्षर सुरेख. निळ्या रंगात, ओळी आखून त्यांनी लिहिलं होतं: विकणे आहे. खाली आमच्या घरचा फोन नंबर.

"राहू दे ते तिथे," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "या महिन्याचं काम उरकलं की लावणार होतो."

मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. "पप्पा, येतोय वास. मला येतोय. चुकलं माझं."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "नक्की येतोय ना?"

मी ऑफिसला फोन करून सुट्टी टाकली आणि आम्ही गाडी डीलरकडे वळवली. वाटेत त्यांना बजावलं, पाण्याचं अवाक्षर काढू नका, वॉरंटी नाकारतील. पप्पांनी मान हलवली, आणि मॅनेजरसमोर उभे राहताच पहिलं वाक्य टाकलं, "साहेब, एक चूक माझी आहे. मी रोज टाकीत पाऊण तांब्या पाणी घालत होतो." मी डोळे मिटून घेतले.

"साधं पाणी?" मॅनेजरचा चेहरा उजळला. "मग काका, वॉरंटीत नाही बसणार."

शेजारच्या गाडीखालून एक वयस्क मिस्त्री बाहेर आले. दाढी पांढरी, हात काळे. "रोज पाऊण तांब्या?" त्यांनी विचारलं. पप्पा म्हणाले, रोज. मिस्त्रींनी झाकण उघडून आत बघितलं. हिरवा रंग नावालाच उरला होता. तीन खेपांत झाकण कुणी उघडलंच नव्हतं. मग सीट उचलून त्यांनी आत टॉर्च मारला आणि पप्पांना जवळ बोलावलं. एका पाइपच्या जोडाला केसाएवढी चीर होती. गाडी तापली की तिथून पाणी थेंबथेंब सुटायचं आणि गरम इंजिनवर पडून तिथेच सुकून जायचं.

"साहेब, पाण्याने पाइप फाटत नाही," मिस्त्री मॅनेजरला म्हणाले. "पाइप फाटला म्हणून पाणी लागलं. यांनी घातलं नसतं तर एव्हाना इंजिन बसलं असतं." मग पप्पांकडे वळून म्हणाले, "नाक चांगलं आहे तुमचं."

पप्पांनी नुसतं "हं" केलं. पण ते माझ्याकडे बघून केलं.

पाइप बदलला, वॉरंटीतच. मिस्त्रींनी नवं कूलंट भरून टाकीवर मार्करने रेघ मारली आणि बजावलं, दहा दिवस पाण्याचा थेंब घालायचा नाही. रोज फक्त रेघ बघायची.

ते दहा दिवस पप्पांना फार जड गेले. सकाळी तांब्या घेऊन खाली जायचे, उभे राहायचे, आणि शेवटी त्या पाण्याने समोरची काच धुवायचे. मी गॅलरीतून बघत असे. एकदा वर बघून म्हणाले, "पहारा नको देऊस. काचच धुतोय."

अकराव्या सकाळी त्यांनी सीटमागचा पुठ्ठा काढला, अक्षरांची बाजू खाली करून जमिनीवर अंथरला आणि गुडघे टेकून टाकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वर मान करून मला म्हणाले, "रेघेवर आहे."

उठून त्यांनी गुडघे झटकले. पुठ्ठ्याचे चार तुकडे करून कचऱ्याच्या बादलीत टाकले, काच वर केली आणि गाडी काढली.