सांत्वनाला येऊन हसणाऱ्यांसाठी

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज तुम्ही यिशुन भागातल्या आमच्या घरी भेटायला आलात, त्याबद्दल लिहितेय.

माझी सून नोमसा दक्षिण आफ्रिकेची, तिची भाषा खोसा. परवा तिकडे तिची आई गेली. "देव तुला बळ देवो," एवढं तिच्या भाषेत म्हणायचं म्हणून मी कालपासून घोकत होते. त्यांच्यात 'देव' हा शब्दच गालाशी जीभ चटकवून म्हणावा लागतो. मला तो काही केल्या जमेना आणि तुम्ही हसलात. वर एकीने विचारलं, "अहो, घोडा हाकताय की काय?"

नोमसा हळूच म्हणाली, "आई, मराठीत बोला. कळतं मला."

ती मराठी शिकली तेव्हा 'अवघड जातं का गं' असं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या 'ळ'ला मात्र तुम्ही हसल्या होतात. कॉन्व्हेंटात आपण छड्या खाऊन इंग्रजी शिकलो, तिथे जीभ वळत नाही ही सबब चालली नाही.

तुम्ही गेल्यावर ती फोनवर बहिणीशी बोलत रडत होती. मी दाराशी उभी होते. एक शब्द कळला नाही.

उद्या तुमची मुलगी परक्या घरात अशी रडली, तर तिच्या सासूने निदान प्रयत्न करावा, असं तुम्हाला वाटणार नाही?