होडीतले मासे

"मॅडम, ओपॅकचा व्हिडिओ करून टाका," असं प्राचार्य म्हणाले तेव्हा मला वाटलं, पुस्तकं खोक्यात भरायचा काहीतरी प्रकार असेल. मी "हो सर" म्हणून बाहेर आले. न समजता हो म्हणायची सवय मला नोकरीनंच लावली आहे. मी मराठी शिकवते. आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा काही भरली गेली नाही आणि ग्रंथालयाचा प्रभार माझ्या गळ्यात पडला. मराठीवाल्यांना पुस्तकं आवडतात, एवढंच काय ते कारण.

ओपॅक म्हणजे पुस्तकांची यादी, फक्त कॉम्प्युटरवरची. मुलांनी ती मोबाइलवर उघडायची, पुस्तकाचं नाव टाकायचं आणि ते कोणत्या कपाटात आहे ते पाहायचं. हे मला कॉम्प्युटरच्या सरांनी समजावलं. मग पुन्हा समजावलं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त बोला, बाकीचं मी पाहतो." तपासणीला समिती येणार होती आणि तिला दाखवायला व्हिडिओ हवा होता.

उदाहरण म्हणून एक पुस्तक शोधून दाखवायचं होतं. या सगळ्या गोंधळात तेवढी एक गोष्ट मला लगेच सुचली. बाबांचं पुस्तक.

बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आम्ही ढिवर, आजोबांपर्यंत सगळे मासेमारीवर जगलेले. रिटायर झाल्यावर बाबांनी आमच्या गावालगतच्या बोडीवर एक पातळसं पुस्तक लिहिलं, 'आमच्या बोडीतले मासे'. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं छोटं तळं. मरळ कुठे दडते, दाढक कधी सापडते, भुरभुशाचा रस्सा कसा करायचा, सगळं त्यात आहे. स्वतःच छापलं, स्वतःच वाटलं आणि एक प्रत कॉलेजला दिली. ती बोडी आता नाही. मुरूम टाकून बुजवली आणि तिथे प्लॉट पाडले. बाबा त्या रस्त्यानं जात नाहीत, लांबच्या रस्त्यानं फेरा घालून बाजाराला जातात.

"बाबा, तुमचं पुस्तक व्हिडिओत येणार हाये," मी सांगितलं.

"खरंच का व बाई? कॉम्प्युटरमंदी दिसते?"

"दिसते नं."

हे बोलायच्या आधी मी बघून घ्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून कटिंगच्या दुकानापर्यंत सगळ्यांना ही बातमी कळलेली होती.

कॉम्प्युटरचे सर आणि मी शूटिंगला बसलो. मी इंग्रजी अक्षरांनी बोडी टाइप केलं तर कॉम्प्युटरनं आपल्या मनानं 'बॉडी' लिहिलं. योगासनांचं एक पुस्तक आलं, शरीरशास्त्राचं एक आलं आणि दंड फुगवून उभ्या असलेल्या एका पैलवानाचं. सर खाली मान घालून हसत होते. मग नीट 'बोडी' लिहिलं. एकही नोंद आढळली नाही. पूर्ण नाव टाकलं. एकही नोंद आढळली नाही. मी उठून कपाटाकडे गेले. पुस्तक आपल्या जागी होतं, धूळ खात. ते घेऊन आले आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. पुस्तक माझ्या हातात आहे आणि हा म्हणतो नाही. आता खरं कोणाचं मानायचं?

"लेखकावरून पाहू," सर म्हणाले.

बाबांचं नाव टाकलं आणि पडद्यावर आलं: 'आमच्या होडीतले मासे'.

सर पुन्हा हसले, पण माझा चेहरा पाहून थांबले.

यादी नागपूरच्या एका एजन्सीनं भरली होती. फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी शांत. "मॅडम, बोडी असा शब्दच नाही. खाली लाल रेघ येते. म्हणून दुरुस्त केला असेल."

"अहो, शब्द आहे."

"पण मासे आहेत म्हणजे होडीच असणार ना?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाच त्याचं पटलं. मग भानावर आले. आमच्या बोडीत होडी कधीच नव्हती. गुडघाभर, फार तर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जाळं टाकायचे. हे मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "सगळ्या दुरुस्त्या एकदम पाठवा, पाहू." आम्हाला यादीला हात लावायची सोय नव्हती. आणि समिती तर तोंडावर आलेली.

दुसरं पुस्तक घ्यावं, तर बाबा गावभर सांगून बसलेले. हेच घ्यावं, तर नाव हे असं. सरांना विचारलं, ते म्हणाले तुम्हीच ठरवा. घरी नवऱ्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. शेवटी मी व्हिडिओत "लेखकाच्या नावावरून शोधा, हे पाहा, पुस्तक आलं" एवढंच म्हटलं आणि झरकन पुढे सरकले. बाबांची नजर अधू झालीय, बारीक अक्षर त्यांना दिसणार नाही, असा माझा अंदाज होता.

मी बाबांकडे गेले होते तेव्हा त्यांनी तो व्हिडिओ ओट्यावर बसून, मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग मला हाक मारली.

"बाकी समदं वाचून राह्यली तू. माह्या पुस्तकाचं नाव काऊन नाई वाचलं?"

"घाई झाली, बाबा."

त्यांनी दोन बोटांनी पडदा मोठा केला. बराच वेळ पाहत राहिले. "होडी लिवलं हाये."

मी सगळं सांगितलं. लाल रेघेचंही सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मंग कोनी बोडी म्हणून शोधलं तं?"

"नाई सापडणार, बाबा."

"बाहेर तरी कुठी सापडते?" म्हणाले आणि हसले. मला मात्र रडू आलं. मी उठून आत गेले आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हटलं, आवाज पुन्हा भरायचा. पडद्यावर यादी होती तशीच राहिली. मी बोलले, "इथे होडी दिसते, पण हे पुस्तक बोडीचं आहे. ब बोराचा. आमच्या बोडीतले मासे." प्राचार्यांनी पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, पडद्यावर एक आणि बोलण्यात दुसरं? मुलं गोंधळतील."

"गोंधळू द्या सर," मी म्हटलं. "मी हा व्हिडिओ हाती घेतल्यापासून गोंधळलेलीच आहे. मला काही झालं नाही."

समिती आली, चहा पिऊन गेली. तिनं व्हिडिओ पाहिला की नाही, मला अजून माहीत नाही. मुलांनी मात्र पाहिला. एक मुलगी काउंटरवर आली. पलीकडच्या गावची, तिच्या गावात दोन बोड्या आहेत, म्हणजे शब्द तिला समजावायची गरज नव्हती. ती पुस्तक घेऊन तिथेच उभी राहिली, पानं उलटली आणि विचारलं, "मॅडम, हे कोणती बोडी हाये? कुठी हाये?"

मी तिला बाबांच्या घराचा पत्ता दिला.