जलपर्णीतल्या मरळीसाठी ताठ काठी

बाळांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आम्ही पाठवलेली गळाची काठी फोटोत का दिसत नाही? आजोबांनी विषय बदलला. ते सांगणार नाहीत, आणि मला आता सारवासारव करण्याचा कंटाळा आला आहे, म्हणून लिहिते.

तुमची काठी सुंदर आहे, पण लवचीक. तुमच्याकडच्या मोकळ्या, वाहत्या पाण्यात ती शोभेल. पंचकुल्याच्या पुढे आम्ही जातो ते तळं जलपर्णीने गच्च भरलेलं असतं. मरळ मासा तिच्याखालीच बसतो. गळ लागताच तो मुळांत घुसतो, त्याच क्षणी ओढावा लागतो. तुमची काठी नुसती वाकायची, तोवर दोरा मुळांत गुरफटलेला. तरी आजोबा तीच नेत राहिले. "नातवंडांनी पाठवलीय," एवढंच म्हणायचे. पुढे म्हणू लागले, "आज राहू दे."

त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी मी चालवते. मीही दमते, त्यामुळे मला ते बरंच वाटलं. पण मग ते दिवसभर खिडकीशी बसू लागले, जेवणही तिथेच मागू लागले. तेव्हा सेक्टर त्रेचाळीसच्या बस स्टँडपलीकडच्या दुकानात मीच त्यांना नेलं.

कार्बनची ताठ काठी हलकी, पण आमच्या पेन्शनला न झेपणारी. फायबरची स्वस्त, पण जड, आणि आजोबांचं मनगट दुखतं. मी वाटेत घेतलेली बटाट्यांची पिशवी फायबरच्या काठीच्या दोऱ्याला बांधून जमिनीवर ठेवली. म्हटलं, "ओढा."

दुकानदार हसला. "माताजी, मछली पकड़नी है या सब्ज़ी तौलनी है?"

"दोनों, जी."

पिशवी सरकली, पण आजोबांनी काठी खाली ठेवून मनगट चोळलं. "अगं, पुरे. घरी जाऊ या."

मी फायबरचीच आखूड काठी मागितली. तितकीच ताठ, पण वजन मुठीजवळ. पिशवी थेट त्यांच्या चपलेशी आली.

"नातवंडांना काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"खरं ते."

"तूच सांग मग."

नव्या काठीने आजवर एकच मरळ मिळाली, तीही लहान, म्हणून सोडून दिली. तुमची काठी पुसून कपाटावर ठेवली आहे. गाडी चालवून माझी पाठ दुखते. आजोबांचं तळ्यावर जाणं मात्र अजून टिकून आहे.