परमिट माणिकरावांच्या नावावर

“खिल्लारे, हा तुमचाच उमेदवार ना? आयटीआयचा कागद नाही आणि आला थेट परीक्षेला!”

मोठे साहेब खुर्चीतून माझ्यावर ओरडले. विजेच्या सबस्टेशनच्या आवारात आमचा सरावाचा खांब होता. त्याच्याखाली सोपान चपला काढून उभा होता.

“सर, जाहिरातीत लिहिलंय, आयटीआय किंवा समकक्ष अनुभव.”

“अनुभवाचा दाखला कुणाचा?”

“सरपंचाचा. आणि माझा.”

“तुमचा? शाबास! उद्या वरून विचारलं, की खात्याबाहेरचा माणूस तुमच्या खांबावर काय करत होता, तर?”

“तर मला विचारू द्या, सर. मी पाहिलं तेच लिहिलंय.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांची भीती खरी होती. सोपान हा ‘झिरो’ होता. हा शब्द कुठल्या नियमात सापडणार नाही, पण गावोगाव सगळ्यांना माहीत. पगार लाईनमन घेतो आणि खांबावर चढतो झिरो. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. गावकरी त्याला सुगीला जवारी देतात, कुणी विहिरीवरची मोटार सुरू झाली की हातावर काही ठेवतात. हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी आखाडा बाळापूरकडच्या एका सेक्शनला इंजिनिअर म्हणून नवाच आलो होतो. पहिल्याच महिन्यात पाहिलं, की आमचे लाईनमन माणिकराव डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, सावलीत बसलेत आणि वर सोपान. माणिकराव वाईट माणूस नव्हते. गुडघे गेलेले आणि एकदा कागदावर न आलेला शॉक खाल्ल्यापासून उंचीची धास्ती बसलेली. सोपान त्यांना मामा म्हणायचा.

सोपानचं वय लाईनमनच्या या भरतीनंतर बाद होणार होतं. म्हणजे नोकरी लागली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. घरात दोन लेकरं, कोरडवाहू तुकडा. म्हणून मी हट्टाला पेटलो होतो. शिवाय माझं स्वतःचं एक दुखणं होतं. माझा बाप गवंडी. अख्ख्या तालुक्यात त्याच्या हाताच्या भिंती, पण पाटीवर नाव कंत्राटदाराचं. तो मला म्हणायचा, “शीक लेका, न्हाईतर तुह्या हातचं काम दुसऱ्याच्या नावानं जाईल.” मी शिकलो, डिप्लोमा केला. आता सोपानचं काम त्याच्या नावानं लागावं एवढंच मला पाहिजे होतं.

परीक्षा सोपी होती. वर चढायचं, जंपर म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा काढायचा, परत बसवायचा, उतरायचं. लाईन बंदच ठेवलेली. पण नियम चालू लाईनचेच. आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून लाईन बंद ठेवल्याचं परमिट घ्यायचं. परमिट ज्याच्या नावावर, तो स्वतः येऊन ‘काम झालं’ म्हणेपर्यंत लाईन सुरू होत नाही. आणि वर गेलं की सगळ्यात आधी तारेवर अर्थिंग रॉड अडकवायचा. चुकून करंट आलाच तर तो रॉडवाटे जमिनीत जातो, माणसातून जात नाही.

आधी एक आयटीआयवाला पोरगा चढला. एकेक पाऊल चाचपत. साहेब दोनदा जांभई देऊन मोकळे झाले. पण त्यानं परमिट मागून घेतलं, रॉड अडकवला आणि काम नीट केलं.

मग सोपान. परमिटचं नाव नाही, रॉड खांबाला टेकलेला तसाच. सरसर वर. वर जाताच त्यानं उजव्या हाताची मागची बाजू तारेला चाटून घेतली, हात झटकन मागे ओढला आणि कामाला लागला. आम्ही चहा संपवायच्या आत महाराज खाली.

“वा!” साहेब खुर्चीतून उठलेच. “याला म्हणतात गडी! मानलं खिल्लारे तुम्हाला. लिहा, पास.”

मी मात्र त्याच्या त्या उलट्या हाताकडं पाहत होतो. तार मुठीत धरली तर करंट मूठ आवळतो, सुटका नाही. हात उलटा लावला तर झटका बसून मागे फेकला जातो. गावातल्या कमी दाबाच्या तारेवर हे एखाद्या वेळी निभतं. पण नोकरीत सोपानला अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर जायचं होतं. तिथं हात पोचायच्या आधीच माणूस जळतो.

“सोपान, रॉड काहून लावला न्हाईस?”

“लाईन बंदच हाय की साहेब. हात लावून पाह्यलं म्या.”

“आणि चालू असती तर?”

“समजलं असतं की.” तो हसला.

“हसू नको. परमिट काहून मागितलं नाहीस?”

“परमिट मामाच्या नावावर ऱ्हाते, साहेब. मी वर काम करून राहिलो, मामा खाली चहा पिऊन राहिले. काम झालं समजून ते परमिट कवा वापस करतील, मला काय माहीत? दोनदा तसं झालंय. म्हणून आपला आपल्या हातावर भरोसा.”

साहेब हळू आवाजात म्हणाले, “मग काय लिहायचं?”

“नापास, सर.”

“अहो, तुम्हीच आणलात त्याला!”

“आणलं म्हणूनच. सर, याला तीन महिने ट्रेनिंगला पाठवू, मग परत परीक्षा घेऊ. हात सोन्याचा आहे, फक्त सवय मोडायची आहे.”

“नियमात बसत नाही. आणि पुढच्या भरतीत याचं वय बसत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

माहीत होतं. तरी मी लिहिलं. पेन जड झाला होता, खोटं कशाला बोलू?

सोपान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “साहेब, आजवर मला परमिट कुणी देलं न्हाई. आन् आज परमिट मागितलं न्हाई म्हणून नापास. वा रे तुमचा न्याय!” चपला हातात घेऊनच तो फाटकाबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरला सांगितलं, की खांबावर जो चढेल त्याच्याच नावावर परमिट, आणि चढेल तो खात्याचाच माणूस. माणिकराव गुडघे दाखवायला आले. मी त्यांना ऑफिसच्या कामावर घेतलं आणि तो आयटीआयवाला पोरगा लाईनवर आला. पहिल्याच वादळ-वावधानात दोन गावं अंधारात. सरपंच तणतणत आले, “चांगला माणूस नापास केला, आन् आता आम्हाला अंधारात बसवता व्हय?” मी ऐकून घेतलं. सोपानची सुगीची जवारीही बंद झाली, त्याचा शाप तर लागायचाच. पुढं त्यानं बाळापूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं, जळालेल्या मोटारी परत बांधून द्यायचं. मी रस्त्यात दिसलो की तोंड फिरवायचा. म्हटलं, फिरव बाबा. फिरवायला तोंड तरी शाबूत आहे.

काही वर्षांनी माणिकराव रिटायर झाले. शाल, श्रीफळ, पेढे. नव्या साहेबांनी सर्व्हिस रेकॉर्ड वाचून दाखवलं आणि म्हणाले, “इतकी वर्षं लाईनवर काढून एकही अपघात नाही! नव्या मुलांनी हा अनुभव शिकावा.” टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत धुतलेला शर्ट घालून सोपान बसला होता. मामाचा कार्यक्रम म्हणून आलेला. सगळ्यात जोरात तोच टाळ्या वाजवत होता.

माणिकरावांना बोलायला उभं केलं. त्यांनी शेवटच्या रांगेकडं पाहिलं.

“मी खाली होतो,” एवढंच बोलले आणि बसले. नव्या साहेबांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

निघताना सोपान फाटकाशी उभा होता. तोंड फिरवलं नाही. “साहेब, घरची मोटार जळाली तर आणा दुकानात,” म्हणाला.

त्यानंतर मी बऱ्याच भरत्यांमध्ये बसलो. डिग्री पाहिजे का अनुभव चालेल, यावर लोक तावातावानं भांडायचे. मी उमेदवाराला आधी एवढंच विचारायचो, “बाबा, तू काम करत होतास तेव्हा परमिट कुणाच्या नावावर होतं?”