पहिला रुपया पडेपर्यंत

वलगावात आमच्या शेजारी बेबीताई राहतात. मेथी-पालकाच्या वाफ्यात वाकून वाकून कंबर गेली, पण जीभ शाबूत आहे. माहेर अकोल्याचं. वडील नत्थुजी तिथं बसस्टँडजवळ गेमचं दुकान चालवायचे. चार व्हिडिओ गेम आणि मुंबईहून आणलेली एक जुनी पिनबॉलची मशीन. पोरं कॉलेज बुडवून त्या मशीनवर पडलेली असायची.

मुलींनी तिथं पाऊल ठेवायचं नाही. दुकानदाराच्या मुलीनंही नाही. फक्त सकाळी, अर्ध्या शटरच्या आत, झाडलोट करायची आणि मशीनमधली लोखंडी गोळी कुठं अडकत नाही ना, ते एक डाव खेळून बघायचं. त्या एकेका डावात बेबीताई अशा तयार झाल्या की गोळी खाली पडूच देत नसत. मशीनला कमरेनं हलकाच धक्का द्यायचा. जोरात दिला की सगळं बंद पडायचं. तो अंदाज त्यांच्या अंगातच होता.

डाव संपला तरी मशीनवर गुणांचे आकडे तसेच राहायचे. शटर वर गेलं की पोरं ते बघून तोंडात बोट घालायची. नत्थुजी सांगायचे, "हा आकडा आमच्या योगेशनं मारला काल रात्री." योगेश हा धाकटा भाऊ, त्याला धड दोन मिनिटं गोळी सांभाळता येत नव्हती. पण मुलीचं नाव घेतलं असतं तर सोयरीक कोणी केली असती? मग पहिल्या गिऱ्हाइकाचा रुपया पडायचा आणि आकडे गरगर फिरून शून्यावर यायचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही.

यंदा योगेशनं अमरावतीत कॅफे काढला. वडिलांच्या दुकानातली, माळ्यावर पडलेली ती मशीन पुसून दाराशी मांडली, वर पाटी लावली, 'अकोल्याचा पिनबॉल चॅम्पियन', आणि खाली स्वतःचा फोटो. उद्घाटनाला बेबीताई मला सोबत घेऊन गेल्या.

"बाबा गेले, माही पोरगी सासरी नांदून राहिली," त्या ऑटोत म्हणाल्या, "आता मले कायची भीती? योगेशनं एकदा चारचौघांत म्हणावं, बस."

कॅफेत पोरंपोरी फोटो काढत होती. बेबीताई मशीनपाशी गेल्या आणि खणखणीत बोलल्या, "ते आकडे माहे व्हते. याचे नाही."

सगळे हसले. एक मुलगी म्हणाली, "भारी आत्या! दाखवा ना खेळून!"

ताईंनी पदर खोचला आणि दोन्ही बाजूंची बटणं दाबली. काहीच हललं नाही. नुसते दिवे लुकलुकत होते. गोळी नव्हती आणि आतलं सगळं काढून टाकलं होतं. खडखडाटाचा गिऱ्हाइकांना त्रास होतो म्हणे.

"योगेश, तुले तं ठाऊक हाय नं? सांग यायले."

योगेश त्यांच्याकडे बघून हसला. "ताई रोज मशीन पुसायची. पुसून पुसून तिले वाटते, आपणच खेळलो."

पुन्हा हशा. मला तर हातातली कॉफी त्याच्या डोक्यावर ओतावीशी वाटली. ताईंनी खोचलेला पदर सोडला आणि दाराकडे वळल्या.

परतताना मी म्हटलं, "जाऊ द्या ताई. वडीलही खोटंच बोलायचे ना?"

"बाप खोटं बोलला की दिवसभर माह्याकडे पाहत नव्हता," त्या म्हणाल्या. "हा माह्याकडे पाहूनच बोलला."