दोन पेडलची गाडी

विहिरीत मोटार उतरवताना कप्पीची साखळी सुटली आणि लोखंडी पाइप माझ्या डाव्या गुडघ्यावर आदळला. पाय वाचला, पण गुडघा वाकायचा थांबला. जळगावात माझं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. पण मन रमायचं ते गावोगावच्या मळ्यांत. ते फिरणं एकदम बंद झालं. मी खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहू लागलो. भेटायला येणारे म्हणायचे, "आता आराम करा." ते ऐकलं की मला गुदमरल्यासारखं व्हायचं. क्लच दाबता येत नव्हता, म्हणजे जीप चालवणं संपलं. दुकानात जायचं तरी कुणाला तरी सवड होईपर्यंत थांबायचं.

धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे माझ्या मोठ्या भावाला एक जुनी परदेशी पिकअप दिसली. कुठल्याशा प्रकल्पावर आलेले परदेशी इंजिनिअर ती मागे सोडून गेले होते. तिला क्लच नव्हताच. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोनच पेडल. गिअर आपोआप पडायचे. भावाने ती आणून दारात उभी केली. पहिल्या दिवशी मी एकटाच भुसावळपर्यंत गेलो, काही काम नसताना. तिथे चहा प्यायलो आणि परत आलो.

तो हिवाळा बरा गेला. ऊन तापायला लागलं तशी एके दिवशी पाचोऱ्याच्या रस्त्यावर स्टिअरिंगमागे एक पिवळा दिवा लागला. त्यावरची इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली: गिअरचं तेल तापलंय. गाडी कडेला घेऊन बंद केली. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या उपटलेली उघडी रानं. कुबडी मागच्या हौद्यात पडली होती, आणि तिथवर जायलाच कुबडी लागत होती. पत्रा तापत गेला. मी दार उघडं टाकून, ताठ पाय बाहेर काढून बसून राहिलो. समोरून एसटी गेली. आतल्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी पुढे निघून गेली. दिवा विझल्यावर निघालो. थोडं अंतर गेलो की तो पुन्हा लागायचा.

भंगारवाल्याच्या ओळखीचा एक मिस्त्री धुळ्यात होता. त्याने बॉनेट उघडलं, बंद गाडीत पट्टी घालून गिअरचं तेल मोजलं आणि म्हणाला, "भाऊ, तेल जास्ती शे." थोडं काढून टाकलं. मी विचारलं, "याआधी अशी गाडी उघडली आहे का?"

"कव्हयच नही," तो सरळ म्हणाला. "पुन्हा दिवा लागना तर बठ्ठं खोलनं पडी." म्हणजे पुन्हा दिवा लागला तर सगळंच खोलावं लागणार होतं.

परतताना पारोळ्याच्या पुढे दिवा लागला तो विझेचना. इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही, जळका वास यायचा. बायको शेजारी होती. ती म्हणाली, "आता इथेच राहायचं का आपण?" गाडी गार होऊ देत, थांबत थांबत आम्ही कसेबसे घरी पोचलो.

भाऊ म्हणाला, "विकून टाक. तुझ्या जिवापेक्षा गाडी मोठी आहे का?" ते त्याला बोलायला सोपं होतं. त्याचे दोन्ही गुडघे वाकत होते.

मी खाटेवर पडून विचार करत राहिलो. विहिरीवरची मोटार तापली की मी काय पाहतो? एक तर बोजा जास्त, नाहीतर थंडावा पोचत नाही. गाडी तर रिकामी होती, म्हणजे थंडावाच पोचत नसणार. मग बायकोला स्टिअरिंगवर बसवलं, ब्रेकवर पाय दाबून ठेवायला सांगितला आणि गाडी चालू केली. चालू गाडीत पट्टी घातली तर ती जवळजवळ कोरडी निघाली. गाडी बंद असली की तेल खाली साचतं, म्हणून मिस्त्रीला ते जास्त दिसलं होतं. नवं तेल भरलं, तरी थोड्या वेळाने बायकोने आतून हाक मारली, "अहो, लागला दिवा."

गिअरपासून दोन बारीक नळ्या रेडिएटरकडे जात होत्या, तेल गार करायला. मला तिथवर वाकता येईना. गाडी बंद करून ती उतरली आणि एकेका नळीला हात लावून पाहिला.

"ही भाजतेय," ती म्हणाली. "आणि ही साफ गार आहे."

म्हणजे तेल रेडिएटरमधून पलीकडे जातच नव्हतं. रेडिएटरवाल्याने त्या नळ्यांतून हवा मारली तेव्हा काळा चिखल बाहेर आला. त्यानंतर तो दिवा कधी लागला नाही.

पण तोवर आतलं जे जळायचं ते जळून गेलं होतं. वरचा गिअर पडेना. गाडी बैलगाडीपेक्षा जरा बऱ्या वेगाने चालायची. चढ आला की धापा टाकायची. आतले सुटे भाग मुंबईतही मिळाले नाहीत. मी घरून दुकानात, दुकानातून मार्केट यार्डात, आणि परत घरी, एवढंच फिरू शकलो. भुसावळचा रस्ता जिथे फुटतो तिथे मी कधी कधी गाडी थांबवायचो आणि मग वळवायचो.

भुसावळच्याही पलीकडे, रावेरच्या एका ओळखीच्या केळीवाल्याने निरोप पाठवला: "मोटार विहिरीतच अडकली आहे. तुम्ही येऊन बघा, दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." पूर्वी मी चहा अर्धा टाकून निघालो असतो. आता निरोप घेऊन आलेल्या माणसाला म्हणालो, "काढता आली तर इकडे आणा. मी इथेच असतो."