वखारीतली शिंक

निपाणीत शिकलेली माणसे पुष्कळ झाली, पण आमच्या धाकट्या मामांइतका शिकलेला माणूस झाला नाही आणि गावाच्या सुदैवाने पुढेही होणार नाही. त्यांनी पुण्याला जाऊन शेतकीचा कोर्स केला, मुंबईला जाऊन मोटारीचा कोर्स केला आणि दोन्हीकडची सर्टिफिकिटे एकाच चौकटीत बसवून देवांच्या फळीवर ठेवली. पूजेच्या वेळी मामीला एक फूल त्या चौकटीलाही वाहावे लागे. "देव कवातरी पावतील," ती म्हणायची, "पर ह्यो कागद काय पावायचा न्हाय."

बोरगावच्या वाटेवर मामांची दोन एकर जमीन होती. पेरणीआधी मामा तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवीत, डोळे मिटून चव घेत आणि वहीत टिपण करीत. टिपण पुरे होईपर्यंत जमिनीतली ओल उडून गेलेली असे. एका वर्षी त्यांनी दोरी लावून मिरची केली. ओळी इतक्या सरळ आल्या की लोक मुद्दाम बघायला येत. शेजारच्या मळ्यातले आप्पा तर दोनदा येऊन गेले. "ओळी झ्याक आल्यात," ते म्हणाले, "मिरच्या कवा यायच्या?" मामा म्हणाले, "पीक हा गौण भाग आहे आप्पा. पद्धत महत्त्वाची." मामीने त्या वर्षी मिरची बाजारातून आणली.

ज्याला स्वतःला काही पिकवता येत नाही तो दुसऱ्याला शिकवायला निघतो. तंबाखूचे एक व्यापारी होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांची एक वखार रिकामी पडली होती. मामांनी ती मागून घेतली आणि तिच्यात क्लास काढला, सकाळी शेतकी आणि दुपारी मोटार. मोटार अर्थात नव्हती. एका बाकापुढे बैलगाडीचे जुने चाक बांधले होते आणि पायाशी तीन विटा मांडल्या होत्या: क्लच, ब्रेक, एक्सिलेटर. मिशा फुटलेले गडी पाळीपाळीने त्या बाकावर बसत. मामा खडूने पाटीवर रस्ता काढीत आणि ओरडत, "हत्तरगीचं वळण आलं! हॉर्न!" की बाकावरचा गडी तोंडाने 'पों पों' करी. मीही दोन वर्षे त्या विटा दाबल्या आहेत.

वखार रिकामी असली तरी तंबाखूची धूळ तिच्यात भरून होती, त्यामुळे क्लासात शिंकांना खळ नसे. काम सुरू करताना शिंक झाली तर थांबायचे, हे आमच्याकडे सगळेच पाळतात. पण वखारीतली शिंक निपाणीत कुणी धरत नाही. मामांना तर शिंक धरणेच मान्य नव्हते. त्यावर त्यांनी एक अख्खा तास घेतला होता. "शिंक म्हणजे नाकाचा एक्झॉस्ट. त्यात शकुन कसला?"

मग अण्णांनी नवी कोरी लॉरी घेतली. खंडेनवमीला वखारीच्या दारात तिची पूजा झाली. विद्यार्थ्यांचे बाप फेटे बांधून आले होते. अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमच्या हातानं पेठंतनं एक फेरी मारा. ह्यास्नी बघू दे. मग वखार कायमची तुमच्या क्लासाला. न्हायतर उद्या माल भरतो."

मामा टोपी सरळ करून लॉरीत बसले. क्लचपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळी नावे त्यांनी एका दमात म्हटली. लोक थक्क झाले. मी पायरीशी उभा होतो. हात चाकावर ठेवून ते पायांनी खाली विटा चाचपत होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की मामांनी जन्मात मोटार चालवलेली नाही. मुंबईच्या कोर्सात एका मोटारीमागे इतके विद्यार्थी होते की मामांची पाळी यायच्या आत कोर्स संपला, हे मामीने फार पुढे सांगितले.

तेवढ्यात वखारीत कुणीतरी शिंकले. मामा खाली उतरले.

"शिंक झाली. आज नको."

"मास्तर," अण्णा म्हणाले, "निपाणीत वखारीतली शिंक धरली तर पेठ कवा उघडायची?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, त्याची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी वखारीत तंबाखूचे गच्च बांधलेले बोद रचले गेले आणि मामांनी चौकट फळीवरून काढून ट्रंकेत टाकली.

लढाईच्या दिवसांत एकदा त्यांच्या डोळ्यांसाठी मी त्यांना बेळगावला नेत होतो. पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून कोळशाच्या गॅसवर धापा टाकणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटार होती. ड्रायव्हर मामांना बघून खालीच उतरला. तो क्लासातला महादा होता. "मास्तर, तुमी फुडं बसा," म्हणत त्याने त्यांना आपल्या शेजारी बसवले. तवंदीच्या घाटात मामांचा उजवा पाय सारखा खालची फळी दाबत होता. हत्तरगीच्या वळणावर ते हळूच म्हणाले, "हॉर्न." महादाने खरेच वाजवला.

बेळगावला सगळे उतरले तरी मामा बसून होते. त्यांनी चाकावरून एकदा हात फिरवला.

"महादा, खरं सांग. चालवताना कसं वाटतं रं?"

महादा हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "तुमच्या बाकावानीच वाटतंय मास्तर. नुसती हलती, येवढंच."

मामांनी मान डोलावली. "म्हणजे पद्धत बरोबर होती," ते म्हणाले, आणि उतरण्यासाठी त्यांनी माझा हात धरला.